अकरा महिन्यांनी पुन्हा खोकी भरायची: पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांनी लिहा, घरमालकांनीही लिहा

मुठाकाठ

काल संध्याकाळी घरमालकांचा फोन आला. अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, भाडं १९,००० वरून २५,००० करायचंय, जमत असेल तर सांगा, नाहीतर घर बघायला माणसं तयार आहेत. बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. फोन ठेवल्यावर मी आधी माळ्यावरची खोकी मोजली. मागच्या वेळची चार अजून उघडलेलीच नाहीत. म्हणजे तेवढी तरी पुन्हा भरायला नकोत.

लग्नाला अकरा वर्षं झाली आणि हे पाचवं घर. धनकवडी, वडगाव, मग वारज्यात दोन, आता कर्वेनगर. नवरा भोसरीला कंपनीत, मी डेक्कनला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, मुलगी चौथीत. दोघांचे मिळून हातात ८०-८५ हजार येतात. खायची ददात नाही, सासूबाईंची औषधं निघतात, शाळेची फी निघते. पण दर वेळी करार संपत आला की पोटात गोळा येतो, यंदा तो मे महिन्यात संपतोय.

एक छोटी गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. वारज्याचं घर सोडताना मालकांनी भिंतीवरची भोकं मोजली. पडद्याच्या रॉडची चार, घड्याळाचं एक, देवघराची दोन. भोकामागे दोनशे धरून १,४०० डिपॉझिटमधून कापले. तेव्हापासून आमच्या घरात भिंतीला काहीच नाही. कॅलेंडर फ्रिजला लोहचुंबकाने, घड्याळ कपाटावर टेकवून, देव ओट्याच्या कोपऱ्यात पाटावर. लेकीला चित्रकलेचं प्रशस्तिपत्र मिळालं, बाबांनी फ्रेम करून आणलं. गेले सात महिने ती फ्रेम सोफ्यामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

घर विकत घ्यायचाही विचार केलाय. नऱ्ह्याला ७० लाखांचा टू बीएचके बघून आलो, काम अजून चालू आहे. पण छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. तुम्ही सगळे काय करता? नुसतं "घेऊन टाका" असं लिहू नका, तुमचं स्वतःचं काय झालं ते लिहा.

आकडेमोड

७० लाख हा पाटीवरचा भाव झाला. पुढचं गणित लिहून ठेवा. मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणताय, म्हणजे ५ टक्के जीएसटी, साडेतीन लाख. हे झाले ८ लाख ७० हजार, आणि हे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही. या किमतीच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, ५६ लाख. उरलेले १४ लाख तुमचे. किल्ली हातात यायच्या आत २२ लाख ७० हजार रोख लागतात. फर्निचर, गॅलरीच्या जाळ्या, सोसायटीची सुरुवातीची वर्गणी वेगळी.

५६ लाखांवर साडेआठ टक्के धरले तर वीस वर्षांसाठी हप्ता साधारण ४८,६००. तुमच्या ८५ हजारांतून तो गेला की ३६ हजार हातात. आणि घराचा ताबा मिळेपर्यंत भाडंही चालूच.

दोन गोष्टींनी थोडं हलकं होतं. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात एक टक्का सवलत, ७० हजार वाचतात. पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं तयार घर घेतलंत तर जीएसटी नाही. आणि १ टक्क्याचा जो जीएसटी ऐकिवात येतो तो ४५ लाखांच्या आतल्या घरांसाठी आहे. असं घर आज पुण्यात कुठे उभं आहे ते आधी जाऊन बघा, मग बोला.

मुठाकाठ

आकडेमोड, धन्यवाद. बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलाने कागदावर फक्त हप्ता लिहून दिला होता, त्याच्याभोवती गोल करून. २२ लाख ७० हजार हा आकडा आज पहिल्यांदा एका ओळीत वाचला. आमच्याकडे नऊ आहेत, त्यात माझं सोनं धरून.

वाघोलीकर

मी घेतलंय, तेव्हा माझं सांगतो.

२०१७ ला वाघोलीत घेतलं, तेव्हा ऑफिस खराडीला. गाडीवर वीस मिनिटं. बायकोने त्यासाठीच ती सोसायटी निवडली होती. दोन वर्षांत आमच्या प्रोजेक्टची जागा हिंजवडीला गेली. आता शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो. सकाळी सव्वासातला निघालो तर ठीक, पावणेआठ झाले की गेलं. संध्याकाळी मुलगा जागा असेपर्यंत पोचलो तर तो दिवस चांगला. भाड्याने असतो तर वाकडला निघून गेलो असतो. घर आपलं आहे म्हणून अडकलोय.

आणि पाणी. वाघोली २०२१ ला २३ गावांबरोबर महापालिकेत आली, पण नळाने पुरेसं पाणी आजही येत नाही. पहाटे साडेपाचला टँकरचा पाइप टाकीच्या तोंडात घालतात. तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. आधी पाइप फरशीवरून घासत जातो, मग धबधबा. दहा हजार लिटरचा टँकर, आमच्या विंगला उन्हाळ्यात दिवसाला तीन. गेल्या मार्च ते मे मेंटेनन्सवर फ्लॅटमागे महिन्याला १,८०० जास्त भरले. घर बघायला गेलो तेव्हा स्विमिंग पूल दाखवला होता. पाण्याची जोडणी कुठून, हे मी विचारलंच नाही. सेल्सवाल्याला दोष देत नाही, प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता.

नऱ्हेसुद्धा त्याच २३ गावांत आहे. तिथे बघत असाल तर मे महिन्यात, सकाळी सहाला जा. गेटवर उभं राहून टँकर मोजा. रखवालदाराला विचारा, तो खरं सांगतो.

खोली नंबर नऊ

इथे सगळे फ्लॅटबद्दल बोलतायत. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, राज्यसेवेची तयारी. एका खोलीत चार कॉट, एक खिडकी, ती बोळात उघडते. कॉटचे ४,२००, मेसचे ३,२००, अभ्यासिकेचे १,२००. गावाकडे वडिलांची तीन एकर कोरडवाहू आहे, पैसे तिथून येतात. खोलीला करार नाही, पावती नाही. आयोगाच्या मागच्या परीक्षेच्या आठ दिवस आधी मालकाने सांगितलं, रंग काढायचाय, पंधरा दिवस कुठेतरी राहा. मित्राच्या खोलीवर जमिनीवर झोपलो.

ताई, तुमच्या भोकांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या खोलीत मात्र आधीच्या मुलांनी मारलेले पंचवीस-तीस खिळे आहेत, आणि प्रत्येकाला पिशवी लटकलेली आहे.

जुना शनिवार

वय ७१. धागा वाचताना राहवलं नाही म्हणून टंकतोय, हळूहळू.

आमचं बिऱ्हाड शनिवार पेठेत नदीकडच्या बाजूला वाड्यात होतं. दोन खोल्या, सामायिक नळ. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा. आईने स्टोव्ह आणि शिवणयंत्राचं डोकं उचललं, आम्हाला हाताला धरलं. मागे राहिलं ते गेलंच. काही महिने शाळेच्या वर्गात काढले, दोरीवर साड्या टाकून कुटुंबं वेगळी केलेली. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. आम्ही गोखलेनगरला गेलो. लोक म्हणायचे, एवढ्या लांब कोण राहणार. आज तिथल्या जागेचा भाव ऐकून माझे मुलगे गप्प होतात.

हे सांगायचं कारण असं की, हजारो घरं एकदम गेली तेव्हा या शहराने लोकांसाठी वस्त्या उभ्या केल्या. सगळं चांगलंच झालं असं नाही, पण ते शहराचं काम आहे असं मानलं गेलं. आता घर हे ज्याचं त्याने बघायचं असं झालंय.

दुसरं, अकरा महिन्यांबद्दल. मालक लोक एवढे का घाबरतात, ते तरुणांना ठाऊक नसतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वाड्यांची भाडी गोठवली. आमच्या वाड्याच्या मालकीणबाईंना भाड्यातून कौलं परतायलाही पैसे उरत नसत. वाडे पडायला आले ते असेच. मालकांनी मग भाडेकरू ठेवण्याऐवजी "परवाना" देऊन माणूस ठेवायला सुरुवात केली. तर १९७३ ला कायदा बदलला, आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जो जो परवान्याने राहत होता तो भाडेकरू ठरला. ज्यांच्या जागा अशा अडकल्या, त्यांच्या घरात ती गोष्ट अजून सांगतात. भीती खरी होती. पण पन्नास वर्षांपूर्वीची होती.

माजघर

मुठाकाठ, अगं, मी घरमालकीण आहे. शिव्या पडतील असं वाटून दोन दिवस लिहिलं नाही.

आमचा एक फ्लॅट बिबवेवाडीत, मिस्टरांनी १९९६ ला फंडातून घेतला. ते गेले. मी खाजगी बालवाडीत शिकवत होते, मला पेन्शन नाही. त्या फ्लॅटचं भाडं हाच माझा पगार. तू म्हणतेस मालक भाडं वाढवतात. बाळा, माझ्या बाजूने बघ. घरात स्वतः राहिलं तर महापालिका मिळकत करात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की ती जाते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते ते वेगळं. २०२० ला सगळे गावाला गेले, माझा फ्लॅट आठ महिने बंद होता. एक रुपया आला नाही, मेंटेनन्स मात्र भरला. एका कुटुंबाने जाताना चार महिन्यांचं वीजबिल ठेवलं आणि बेसिनचा नळ काढून नेला. नळ! तो नेऊन त्यांनी काय केलं असेल याचा मी अजून विचार करते.

पण भोकांचे पैसे मी कधी कापले नाहीत. खिळ्याशिवाय घर कसलं गं.

मला एजंटने सांगितलं, अकराच महिन्यांचा करार करा, जास्त केला तर भाडेकरू घरात बसतो आणि कोर्टात दहा वर्षं जातात. म्हणून मी दर अकरा महिन्यांनी करते. मलाही ते आवडतं असं नाही. दर वेळी नवी माणसं, नवा रंग, एजंटला एक महिन्याचं भाडं. खरं काय ते कुणी जाणकार सांगेल का?

दस्तवाला

मी गेली बारा वर्षं भाडेकरारांचे दस्त करतो. माजघर काकू, तुमच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देतो, कारण रोज दहा जणांना हेच सांगतो.

अकरा महिने हा कायदा नाही, सवय आहे. इतर बऱ्याच राज्यांत एक वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, म्हणून अकरा महिने सुरू झालं. महाराष्ट्रात त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. ती जबाबदारी मालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर केलेले, नोंदणी नसलेले "करार" मी दर आठवड्याला बघतो. दोघांनाही त्याचा आधार नाही.

भाडेकरू घरात बसेल ही भीती. त्यासाठीच कलम २४ आहे. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे परवान्याने राहण्याच्या कराराची, मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर मालकाने नेहमीच्या दिवाणी कोर्टात जायचं नाही. त्यासाठी सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं लागतं. हे संरक्षण अकरा महिन्यांच्या कराराला जितकं, तितकंच ३६ महिन्यांच्या कराराला. जुना शनिवार यांनी सांगितलेली १९७३ ची गोष्ट खरी आहे, पण आज नोंदणी केलेल्या परवान्याला ती लागू नाही.

लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. आता खर्च बघा. समजा भाडं २२,०००, दर वर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट ७५ हजार, ३६ महिने. तीन वर्षांचं भाडं होतं ८,३२,२६०. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून त्यात २२,५०० मिळवा. एकूण ८,५४,७६०, त्याचे पाव टक्का म्हणजे २,१३७, शंभरात वर धरून २,२००. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. झाले ३,२००. हाच करार अकरा-अकरा महिन्यांनी तीनदा केला तर दर वेळी मुद्रांकाचे सहा-सातशे आणि वर नोंदणीचे हजार, म्हणजे ३३ महिन्यांत पाच हजारांच्या आसपास. शिवाय दर वेळी आमच्यासारख्यांची फी. मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलतोय, पण खरं हेच आहे.

अट फक्त एक नीट लिहा: मुदतीत कोणी किती महिन्यांची नोटीस देऊन करार मोडू शकतो. मालकाला खरंच घर लागलं तर त्याला वाट हवी, भाडेकरूची बदली झाली तर त्याला हवी. पण पहिलं वर्ष किंवा दीड वर्ष दोघांनी मोडायचं नाही, असं घालता येतं.

आणि काकू, बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासून तसा शासन निर्णय आहे. सोसायटी किती घेते ते पावतीवर तपासा.

माजघर

पावती आत्ता काढून बघितली. महिन्याला ७०० घेतायत. सेवा शुल्क १,९०० आहे. म्हणजे १९० च व्हायला हवेत ना रे? सहा वर्षं भरतेय.

दस्तवाला

हो काकू, १९०. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या. गोड बोलून द्या, बहुतेक ठिकाणी तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर सहकार खात्याचे उपनिबंधक आहेत.

चौथा मजला

आमच्या सोसायटीत रात्री नऊला खाली उभं राहून दिवे मोजले. बी विंगमध्ये चाळीस फ्लॅट, त्यातले अकरा कायम अंधारात. दोन-तीन परदेशातल्यांचे, बाकी गुंतवणुकीचे. एका मालकाला विचारलं, भाड्याने का देत नाही? म्हणाले, ७० लाखांच्या घराला वीस हजार भाडं म्हणजे वर्षाला साडेतीन टक्केसुद्धा नाही, तेवढ्यासाठी कटकट कोण घेणार, भाव वाढतोय ते पुरे. शेजारी गेटवर माणसं "टू बीएचके आहे का" विचारत फिरतायत आणि वर अकरा घरांना कुलूप. मला हे बघवत नाही. बंद घरावर जास्त कर लावला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडेमोड

कर लावायला हरकत नाही, पण आधी मालकाची भीती जायला हवी. माजघर काकूंसारख्या एका घरावर जगणाऱ्या माणसाला आणि सहा फ्लॅट कुलूप लावून ठेवणाऱ्याला एकच नियम लावला तर काकूच आधी मरतील.

सोडतवाली

म्हाडाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात बिल्डरला २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ती म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत येतात. मला पाचव्या अर्जात लागलं, पुनावळ्याला. बाजारभावापेक्षा खूप कमी पैशात. आठ वर्षं नाव लागत नव्हतं, पण अनामत रक्कम परत मिळते, म्हणून भरत राहिले. अधिवास दाखला आणि उत्पन्नाचे कागद आधी तयार ठेवा, सोडत जाहीर झाल्यावर धावपळ होते.

मुठाकाठ, एक अडचण मात्र आहे. अल्प गटाची मर्यादा नवरा-बायको मिळून वर्षाला ९ लाख. तुमच्या हातातच दहा लाखांच्या आसपास येतात, म्हणजे तुम्ही मध्यम गटात, १२ लाखांपर्यंतच्या. मग वीस टक्क्यांतली ही घरं तुम्हाला नाहीत. म्हाडाच्या स्वतःच्या योजनांत मध्यम गटासाठी जी निघतात तेवढीच. तरी अर्ज करत राहा.

मुठाकाठ

म्हणजे स्वस्त घरासाठी आमचं उत्पन्न जास्त आणि बाजारातल्या घरासाठी कमी. हे मनात केव्हापासून होतं, आज कुणीतरी आकड्यात सांगितलं.

आज दुपारी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींशी बोलले. त्या दांडेकर पुलाच्या वस्तीत एका खोलीत राहतात, भाडं ५,५००. चार घरच्या पोळ्या करून त्यांना महिन्याला अकरा हजार मिळतात, म्हणजे निम्मा पगार खोलीत. करार वगैरे नाही. मी विचारलं, कर्वेनगरजवळ का नाही बघत? म्हणाल्या, "ताई, तिथनं मला चालत चार घरं होतात. लांब गेले तर रिक्षात पैसे जातील आन् दोन घरं सुटतील." मी माझ्या पाच घरांचं रडगाणं त्यांना सांगणार होते. नाही सांगितलं.

तळमजला

मी सिंहगड रोडला एकतानगरीत राहायचो. तळमजला, नदीच्या बाजूला, म्हणून भाडं तीन हजारांनी कमी. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पाणी शिरलं. आम्ही जागे झालो तेव्हा गादी खालून ओली लागली म्हणून. मुलाला खांद्यावर घेऊन जिन्यावर गेलो. फ्रिज, वॉशिंग मशीन, त्याची सगळी पुस्तकं गेली. भिंती मालकांच्या, त्या वाळल्या. सामान आमचं.

जुना शनिवार काका, तुमच्या आईचं शिवणयंत्राचं वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं. तिने त्या पहाटे मिक्सर उचलला होता.

स्वस्त घर बघणाऱ्यांनी पूररेषेचा नकाशा बघा. ते नाही जमलं तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो भिंतीवर हात लावून दाखवतो.

जुना शनिवार

तळमजला, तुमचा मुलगा कितवीत आहे? पुस्तकं अजून लागत असतील तर इथे लिहा. माझ्या नातवाची पाचवी ते आठवीची सगळी नीट ठेवलेली आहेत.

तळमजला

काका, सहावीत. मेसेज करतो. मनापासून आभार.

वाघोलीकर

मुठाकाठ, काय ठरलं?

मुठाकाठ

उशीर झाला, माफ करा. तीन आठवडे यातच गेले.

नऱ्ह्याला गेलो होतो, सकाळी सहाला, वाघोलीकरांनी सांगितलं तसं. पावणेसात वाजेपर्यंत शेजारच्या चालू सोसायटीत चार टँकर आले. रखवालदार म्हणाला, अजून दोन येतील. नवऱ्याने गाडी वळवली, आम्ही वाटेत चहा घेतला आणि त्या फ्लॅटबद्दल पुन्हा बोललो नाही. घेणारच नाही असं नाही. सोनं मोडून, बावीस लाख कुठूनतरी उभे करून, ३६ हजारांत चौघांचं घर चालवून, वर टँकर, असं आत्ता नाही घेणार.

मग मालकांना भेटायला गेले, फोनवर नाही बोलले. दस्तवाला यांचा हिशोब कागदावर लिहून नेला होता. म्हटलं, २५ हजार जमणार नाहीत, पण मी तीन वर्षं हलणार नाही, तुमचं घर एक दिवसही रिकामं राहणार नाही, एजंटचं भाडं वाचेल, रंग वाचेल. ते आधी नाहीच म्हणाले. त्यांच्या वडिलांची बुधवार पेठेतली जागा खरंच अडकली होती, भावाभावांत त्यावरून बोलणं बंद आहे. तेव्हा मला जुना शनिवार यांनी लिहिलेलं आठवलं आणि मी वाद घातला नाही. कलम २४ चा कागद त्यांच्याकडे ठेवून आले. वाचा म्हटलं, वकिलाला दाखवा.

सहा दिवसांनी त्यांचा फोन आला. तीन वर्षं नाही, दोन वर्षं. पहिल्या वर्षी २२,५००, दुसऱ्या वर्षी २३,५००. पहिले अठरा महिने कोणीच करार मोडायचा नाही. १९,००० वरून साडेतीन हजार वाढले आहेत, ते कुठून काढायचे याचं गणित अजून बसलेलं नाही. बहुतेक मुलीचा उन्हाळ्याचा पोहण्याचा क्लास जाईल.

एक अट मी मागून घातली. कराराच्या नोंदणीसाठी अंगठ्याचं यंत्र घेऊन मुलगा घरी आला होता, मसुदा स्क्रीनवर होता, तेव्हाच म्हटलं हे पण लिहा: "परवानाधारकास भिंतीत दहापर्यंत खिळे मारण्याची मुभा राहील व त्यापोटी अनामत रकमेतून कपात केली जाणार नाही." मालक हसले. म्हणाले दहा कशाला, बारा लिहा.

फ्रेम लागली. सोफ्याच्या वर, खिडकीच्या डाव्या हाताला. लेकीने पेन्सिलीची खूण तीनदा बदलली.

माजघर

छान झालं गं. मीही माझ्या भाडेकरूंना बोलावलं होतं, नवरा-बायको दोघं नोकरी करतात, लहान बाळ आहे. तीन वर्षांचा करार करू म्हटलं तर ती मुलगी आधी घाबरली, तिला वाटलं मी भाडं वाढवायला बोलावलंय. दोन दिवसांनी दस्त आहे. सोसायटीला पत्र दिलं, पोच घेतली. सेक्रेटरी अजून काही बोलले नाहीत, मी पुढच्या मिटिंगला जाणार आहे.

खोली नंबर नऊ

दस्तवाला सर, कॉट बेसिसवर राहणाऱ्यालाही असा करार करता येतो का? आम्ही चौघं मिळून मालकांशी बोलायचं म्हणतोय. परीक्षा होईपर्यंत, म्हणजे दहा महिने, खोली काढायची नाही एवढंच हवंय.

दस्तवाला

येतो. खोलीचा एकच करार, चौघांची नावं परवानाधारक म्हणून. भाडं किती, प्रत्येकाचा वाटा किती आणि एकजण गेला तर उरलेल्यांचं काय, हे तीन मुद्दे लिहून आणा. मालकांना आधी भेटा, कागद नंतर. मसुद्याचे पैसे विद्यार्थ्यांकडून घेत नाही, सरकारी फी तेवढी भरा.

मुठाकाठ, भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायची असते, ती मालकांनी दिली का विचारून घ्या. पोच दस्ताच्या प्रतीला लावून ठेवा. गॅसचा आणि आधारचा पत्ताही आता बदलून टाका, दोन वर्षं आहेत.